पाणवठ्यावरची कसोटी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

दरवर्षी ६ डिसेंबरच्या सकाळी आपल्या शाळेचे सभागृह पांढऱ्या गणवेशातील मुलामुलींनी भरून जाते. बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्त्या लागतात, त्रिसरण-पंचशील होते आणि एरवी गजबजलेला आपला परिसर त्या दिवशी शांत असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी, मराठीच्या तासाला ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता शिकलेल्या एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले की, या कवीचा जन्मदिवसही ६ डिसेंबर आहे, हे खरे आहे का. आम्ही होकार दिला. तिचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. या कवीने धर्म बदलला आणि आपल्या आजी-आजोबांनीही धर्म बदलला, तर या दोन गोष्टी एकच समजायच्या की वेगळ्या? त्या दिवशी आम्ही तिला जे उत्तर दिले ते घाईचे होते आणि अपुरेही होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते पुरे करावे, अशी इच्छा आहे.

बौद्ध संस्थेच्या स्मरणिकेत एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे एक कारण आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. टिळकांच्या धर्मांतरानंतरच्या आयुष्याची सर्वाधिक वर्षे अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गेली. दुसरे कारण असे की, येशूची शिकवण या मातीत कशी रुजली आणि कोठे अडखळली, हे ज्या थोड्या आयुष्यांतून स्पष्ट दिसते, त्यांत टिळकांचे आयुष्य अग्रभागी आहे. धर्माचे मोल त्याच्या ग्रंथांवरून न करता माणसामाणसांतील व्यवहारावरून करावे, ही दृष्टी आपल्याला बाबासाहेबांनी दिली. त्याच दृष्टीने हे चरित्र पाहू.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभावाने कडक आणि अतिशय तापट. आई जानकीबाई प्रेमळ आणि भाविक होत्या. मुलाला कवितेची गोडी लागली ती आईमुळे. हा मायेचा आधार नारायणाच्या कोवळ्या वयातच तुटला. आईच्या मृत्यूनंतर वडिलांच्या घरात त्यांचे मन रमले नाही. ते घर सोडून नाशिकला आले आणि तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण अर्धवट राहिले, परंतु संस्कृत आणि मराठी काव्याचा पाया या काळात पक्का झाला.

१८८० च्या सुमारास त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मुलीशी झाला. हीच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लक्ष्मीबाई टिळक. विवाहाच्या वेळी ती जेमतेम अकरा-बारा वर्षांची होती. तिच्या माहेरचे वातावरण येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण पुढील कथेशी त्याचा संबंध आहे. तिच्या वडिलांना सोवळ्याचे एवढे वेड होते की, बाजारातून घरात आलेला दाणागोटाही धुऊन घेतल्याशिवाय वापरला जात नसे. दुसऱ्या जातीच्या माणसाची सावली, स्पर्श, पाणी या साऱ्यांची भीती त्या घरातील मुलांच्या अंगी बाळपणापासून मुरलेली होती.

टिळक एका जागी फार काळ टिकले नाहीत. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी पुराण सांगणारे, असा त्यांचा संसार गावोगावी फिरत राहिला. नागपूरला श्रीमंत बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. बाहेरून पाहणाऱ्याला ही धरसोड वाटली असती. आतून मात्र हा माणूस एका प्रश्नाने अस्वस्थ होता. ज्या समाजात जन्म घेतला तो समाज आपल्याच माणसांना माणूस मानत नाही, आणि त्याला धर्माचा आधार सांगितला जातो; मग असा धर्म देशाला कसा तारणार? देशप्रेम आणि धर्मचिंतन त्यांच्या मनात एकत्र नांदत होते. जातिभेद नसलेला आणि मूर्तिपूजा नसलेला असा एखादा नवा धर्म आपणच मांडावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. कविता आणि धर्म यांवर दोघांच्या गप्पा रंगल्या. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली. पुस्तक पुरते वाचून काढीन, असे टिळकांनी त्याला वचन दिले. आरंभी ते वाचन वचनापुरतेच होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरचे प्रवचन हाती आले आणि मग पुस्तक खाली ठेववेना. ज्या प्रश्नांनी त्यांना वर्षानुवर्षे छळले होते, त्यांचे उत्तर येथे आहे असे त्यांना वाटले.

ते उत्तर काय होते, हे समजण्यासाठी येशू या ऐतिहासिक पुरुषाकडे क्षणभर वळले पाहिजे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पॅलेस्टाइन हा प्रदेश रोमन साम्राज्याच्या टाचेखाली होता. उत्तरेकडील गालील भागातील नासरेथ या लहानशा गावात, सुताराच्या घरात येशू वाढला. योहान नावाच्या उपदेशकाकडून यार्देन नदीत त्याने बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर थोडीच वर्षे गावोगाव फिरून लोकांना शिकवले. त्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही. तथागतांचा उपदेश जसा भिक्खुसंघाने मुखोद्गत करून संगीतीत एकत्र केला, तसाच येशूचा उपदेशही शिष्यांच्या आठवणींतून काही दशकांनी ग्रंथबद्ध झाला. पंतय पिलात हा रोमन अधिकारी असताना त्याला क्रुसावर खिळण्यात आले. ही शिक्षा रोमन लोक गुलामांना आणि बंडखोरांना देत असत.

त्याच्या शिकवणुकीचा गाभा देवाच्या राज्याची कल्पना हा होता. या राज्यात पहिला मान दीन-दुबळ्यांचा होता, शोक करणाऱ्यांचा होता, न्यायासाठी भुकेलेल्यांचा होता. शत्रूवरही प्रेम करावे, अपराध्याला क्षमा करावी, दानाचा गाजावाजा करू नये, दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढण्याआधी स्वतःच्या डोळ्यातील मुसळ पाहावे, असा हा उपदेश होता. उपदेशापेक्षाही त्याच्या काळच्या प्रतिष्ठितांना खुपली ती त्याची पंगत. समाजाने वाळीत टाकलेल्या जकातदारांच्या आणि पापी ठरवलेल्या माणसांच्या घरी तो जेवत असे. ज्या कुष्ठरोग्याच्या वाऱ्यालाही कोणी उभे राहत नसे, त्याला त्याने हात लावला. विश्रांतीच्या पवित्र दिवशी रोग्याला बरे करावे की नाही, असा वाद आला तेव्हा त्याने नियमापेक्षा माणूस मोठा मानला. मंदिरात देवघेवीचा बाजार मांडणाऱ्यांचे चौरंग त्याने उलथून टाकले.

याच जीवनातील एक प्रसंग आपल्या मुलांना नेहमी जवळचा वाटतो. भर दुपारी, प्रवासाने थकलेला येशू शोमरोन प्रांतातील एका विहिरीवर बसला होता. पाणी भरायला एक शोमरोनी स्त्री आली. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांड्याचाही व्यवहार ठेवत नसत. येशूने तिच्याजवळ प्यायला पाणी मागितले आणि ती स्त्री चकित झाली. ही कथा वर्गात सांगितली की कोणीतरी लगेच आनंद आणि प्रकृती यांची आठवण काढते. तथागतांचा शिष्य आनंद विहिरीवरील चांडाळ कन्येकडे पाणी मागतो, ती आपली जात सांगून संकोचते, आणि आपण जात विचारली नसून पाणी मागितले आहे, असे आनंद तिला सांगतो. दोन देश, दोन काळ, दोन धर्म. प्रसंग मात्र पाणवठ्यावरचाच आहे. माणूस दुसऱ्याला समान मानतो की नाही, हे त्याच्या प्रवचनावरून कळत नाही, कोणाच्या हातचे पाणी तो पितो यावरून कळते. टिळकांचे आयुष्यही पुढे याच कसोटीला लागले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो आपल्याच देशातील माणसाच्या हातून घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता आणि तो संस्कार रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी केला. परधर्म स्वीकारताना परकेपणा स्वीकारायचा नाही, ही त्यांची वृत्ती पहिल्या दिवसापासून अशी दिसते.

परंतु हा निर्णय घेताना त्यांनी लक्ष्मीबाईंना विश्वासात घेतले नव्हते. बातमी कानी आली तेव्हा त्या माउलीवर आकाश कोसळले. लहानगा दत्तू पदरी होता, नातेवाईक हळहळत होते, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला होता. सुमारे साडेचार वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. चरित्रकाराने नायकाचे दोष झाकू नयेत, म्हणून आम्ही हे स्पष्ट लिहितो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाचे गृहत्यागाचे वर्णन करताना यशोधरेची संमती दाखवली आहे. ज्या मार्गाने सर्वांचे कल्याण व्हायचे, त्या मार्गाच्या पहिल्या पावलावर घरातल्या स्त्रीचा शब्द मोलाचा असतो, हा त्यातील बोध आहे. टिळकांकडून या ठिकाणी चूक झाली, आणि तिची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली.

टिळकांची कर्मभूमी आता अहमदनगर झाली. अमेरिकन मराठी मिशनने येथे १८३१ पासून काम चालवले होते. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरमध्येच सुरू झाले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच नगरमधील मिस सिंथिया फरार यांच्याकडे, आणि ही आठवण आपल्या प्रत्येक शिक्षिकेने जपली पाहिजे. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. तरीही ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूकडे बळीराजाच्या रूपात पाहिले. अशा या नगरात मिशनच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात टिळक शिकवू लागले. पुढे पाळकाची दीक्षा मिळाल्यावर ते रेव्हरंड टिळक झाले. त्यांच्याभोवतीचा ख्रिस्ती समाज बहुतांशी महार आणि मांग वस्त्यांतून आलेला होता. वेदशास्त्र शिकलेला हा ब्राह्मण आता ज्यांच्यासोबत बसत-उठत होता, ती आपल्याच पणजोबा-खापरपणजोबांच्या वाड्यांतील माणसे होती.

लक्ष्मीबाई अखेर पतीकडे परतल्या, पण आपले सोवळे सोबत घेऊन. त्यांची चूल वेगळी होती आणि पाण्याची घागर वेगळी होती. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. बदल घडला तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचारातून. नगर-राहुरीच्या त्या दिवसांत एकदा त्या जातिभेदाचा विचार करीत बसल्या असता त्यांच्या मनात आले की, जाती जर देवाने केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांत जसे प्रकार दिसतात तसा फरक माणसांच्या देहातही दिसला असता. तो दिसत नाही, म्हणजे जाती माणसाने केल्या. ज्याला देवाचा आधार नाही ते ओझे वाहायचे कशाला? त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे, असा निश्चय त्यांनी केला. धर्माची दीक्षा त्यांनी त्यानंतर घेतली. जात आधी सोडली, बाप्तिस्मा नंतर घेतला, हा क्रम आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो.

राहुरीवरून वाहणारी मुळा नदी आपल्याच अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगेतून निघते. आपल्या डोंगरांवर पडलेला पाऊस खाली जाऊन ज्या घागरीत भरला गेला, त्या घागरीचे सोवळे एका स्त्रीने स्वतःच्या बुद्धीने फोडले, हा आपल्या जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासातील मोठा प्रसंग आहे. पाठ्यपुस्तकात त्याला जागा नाही, म्हणून येथे द्यावी लागते.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने आणि त्या काळातील प्लेगने नगर जिल्हा होरपळून निघाला. टिळकांच्या घरात अनाथ मुले आली आणि घरचीच होऊन राहिली. त्यांची जात विचारली गेली नाही. उत्पन्न तुटपुंजे, खाणारी तोंडे अनेक, आणि घरधनी खिशात आलेला पैसा वाटून मोकळा होणारा. अशा संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हसतखेळत सांगितली आहे. याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपल्या सर्वांचे बालकवी, काही काळ राहिले आणि टिळकांच्या मायेच्या छायेत त्यांची कविता फुलली. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. ‘केवढे हे क्रौर्य’मध्ये शिकाऱ्याने जखमी केलेल्या पक्षिणीच्या वेदनेशी ते ज्या करुणेने एकरूप होतात, ती करुणा देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेल्या हंसाला पोटाशी धरणाऱ्या सिद्धार्थाची कथा ऐकलेल्या मुलांना परकी वाटत नाही.

चर्चमधील उपासना त्या काळी बरीचशी परकी होती. इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते आपल्या खेड्यातील माणसांच्या ओठांवर बसत नव्हती. टिळकांनी तिला अभंगाची, ओवीची, भजनाची आणि कीर्तनाची वाट करून दिली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. त्यांची भजने महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायिली जातात. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. त्याचे सुरुवातीचे काही अध्यायच त्यांच्या हातून झाले. ज्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी पुढे या महाकाव्याचा बहुतांश भाग लिहिला.

आयुष्याच्या शेवटच्या पर्वात टिळकांनी आणखी एक धाडस केले. परदेशी मिशनच्या पगारावर आणि देखरेखीखाली राहून येथील माणसांशी मोकळे नाते जुळत नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सर्वांनी येशूचे शिष्य म्हणून तेथे एकत्र बसावे, अशी ही कल्पना होती. दारावर धर्माचा किंवा जातीचा दाखला मागितला जाणार नव्हता. संस्थेपेक्षा शिकवण मोठी, हे त्यांनी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, हातची निश्चित मिळकत सोडून, कृतीने सांगितले. नियतीने त्यांना फार वेळ दिला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरला आणण्यात आल्या. दरबाराचा प्रयोग त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. टिळकांच्या घरातील घागर सर्वांची झाली. चर्चमधील घागर झाली का? या प्रश्नाचे उत्तर इतिहास आपल्याला कटुपणे देतो. गावकुसाबाहेरून आलेल्या माणसांनी धर्म बदलला, तरी जुन्या वस्त्यांच्या भिंती नव्या मंडळीतही पुष्कळ ठिकाणी उभ्या राहिल्या. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरीक होईना. दक्षिणेत तर प्रार्थनामंदिरातील बैठकाही वेगळ्या राहिल्या.

बाबासाहेबांनी हा प्रश्न अतिशय बारकाईने अभ्यासला होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील येवल्यात, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. त्यानंतर अनेक धर्मांची माणसे त्यांच्याकडे आली. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना त्यांनी सांगितले की, धर्मांच्या तौलनिक अभ्यासात दोनच व्यक्तिमत्त्वांनी आपले मन वेधून घेतले. एक बुद्ध आणि दुसरा ख्रिस्त. त्याच भाषणात त्यांनी चर्चमधील जातिभेदावर बोट ठेवले आणि नागरी हक्कांसाठी न झगडणाऱ्या ख्रिस्ती समाजाला जागे केले. पुढे आपल्या लेखनात त्यांनी मिशनांच्या शाळांचे आणि दवाखान्यांचे ऋण मान्य केले. पण अस्पृश्याच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधणारी शिकवण त्याला अन्यायाविरुद्ध उभे करू शकत नाही, असेही परखडपणे मांडले. ख्रिस्ताचे व्यक्तिमत्त्व आणि ख्रिस्ताच्या नावाने चालणारी संस्था यांत त्यांनी फरक केला. देवाचा दरबार भरवताना टिळकांनाही हाच फरक जाणवला असावा, असे आम्हांला वाटते.

बाबासाहेब अखेर तथागतांकडे आले. येशूला त्याचे अनुयायी देवाचा पुत्र आणि तारणारा मानतात; बुद्धांनी स्वतःसाठी मार्गदात्याखेरीज दुसरे स्थान मागितले नाही. आपण ईश्वर मानत नाही, आत्मा मानत नाही, तारणहाराची वाट पाहत नाही. शिवाय १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले ते एका संवेदनशील माणसाचे एकट्याचे धर्मांतर नव्हते. लाखो माणसांनी एकाच दिवशी, आपल्या नेत्यासोबत, स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा तो निर्णय होता. टिळक वरच्या पायरीवरून आपणहून खाली उतरले. आपले आजोबा पायऱ्याच नाकारून बाहेर पडले. मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. दोन्ही गोष्टी एकच नाहीत. पण जातीचे ओझे टाकल्याशिवाय माणसाला धर्म सापडत नाही, ही ओळख दोन्हींत समान आहे.

येशूच्या शिकवणुकीचे आजचे मोल काय, याचे उत्तरही येथेच आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेचे पाणी अडले, कालवे निघाले, खालचा मुलूख हिरवा झाला. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. पाणी अडवण्याची विद्या देशाला आली होती, पाणी वाटून पिण्याची आली नव्हती. या लेखकाच्या लहानपणी, एका गावच्या शाळेत, आम्हांला माठाला हात लावू दिला जात नसे. कोणी वरून ओतेल तेव्हा ओंजळीने प्यायचे. ती शाळा आणि ती माणसे येथे नावाने सांगण्याची गरज नाही. तहान लागली असताना दुसऱ्याच्या मर्जीची वाट पाहणे म्हणजे काय, हे मात्र अजून विसरता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात आज अशी अनेक गावे आहेत, जिथे एकाच जुन्या महारवाड्यातील एक घर बौद्ध आहे आणि शेजारचे घर ख्रिस्ती. आडनाव एक, पणजोबा एक, सोसलेले दुःख एक. तरी १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील धर्माच्या अटीमुळे ख्रिस्ती घरातील मुलाला त्या सवलती मिळत नाहीत. या आदेशात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली, दीर्घ लढ्यानंतर, बौद्धांचा समावेश झाला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. आपल्यापैकी काहींना वाटते की, वाटेकरी वाढले तर आपला घास कमी होईल. ही भीती खोटी नाही आणि तिचा विचार शासनाने केलाच पाहिजे. परंतु शेजारच्या भावाची तहान आपल्याला दिसत नसेल, तर आनंद आणि प्रकृतीची कथा आपण मुलांना कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि दोष केवळ इतरांच्या घरी शोधू नये. सोयरीक जमवताना जुनी पोटजात हळू आवाजात विचारणारी माणसे आपल्यातही आहेत. कुसळ आणि मुसळाचा तो जुना उपदेश ख्रिस्ती मंडळींइतकाच आपल्यालाही लागू आहे. ज्या शिकवणुकीने जात पाळण्याची लाज वाटू लागते, ती कोणाच्याही मुखातून आलेली असो, बौद्धाने ती पारखून घ्यावी. कालामांना तथागतांनी हाच मार्ग दाखवला होता.

आपल्या भोजनगृहाबाहेर पाण्याची एकच टाकी आहे. महादेव कोळी, ठाकर, बौद्ध, मातंग, ख्रिस्ती, मुसलमान, मराठा, अशा सर्व घरांतील मुले खेळून आली की त्याच नळाला ओंजळ लावतात आणि पुढच्यासाठी जागा सोडतात. माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, तुम्हीही त्याच नळाचे पाणी पिऊन मोठे झालात. आज तुमची घरे पुण्या-मुंबईत, नाशिकला, परदेशात आहेत. त्या घरांत येणाऱ्या कामगाराला, भाडेकरूला, सुनेला आणि जावयाला जात न विचारता पाण्याचा पेला पुढे केला जातो का, एवढेच स्वतःला विचारा. रेव्हरंड टिळकांच्या आयुष्यातून, लक्ष्मीबाईंच्या घागरीतून आणि बाबासाहेबांच्या चवदार तळ्यातून आम्हांला मिळालेला धडा इतकाच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!